उद्याचे शहर : टेबलावरचे आणि रस्त्यावरचे

शालेय विज्ञान प्रदर्शनांत परीक्षक म्हणून जाण्याचा योग आम्हांला गेली बरीच वर्षे येत आहे. प्रदर्शन तालुक्याचे असो वा जिल्ह्याचे, एक प्रतिकृती तेथे हमखास भेटते. तिचे नाव ‘उद्याचे शहर’, ‘हरित नगर’ किंवा ‘शाश्वत शहर’ असे काहीतरी असते. पुठ्ठ्यावर हिरवा कागद चिकटवलेला, त्यावर निळ्या चकचकीत कागदाने मढवलेल्या उंच काचेच्या इमारती, त्यांच्या माथ्यावर सौर पट्ट्या, मधोमध लाल रंगाने आखलेला बसचा स्वतंत्र पट्टा, आणि एका कोपऱ्यात वारुळासारखी दिसणारी एक इमारत. बटण दाबले की दिवे लागतात. मुले पाठ केलेले भाषण न अडखळता म्हणतात, आणि पाहुणे कौतुकाने मान डोलावतात.

या लेखात आम्हांला या प्रतिकृतीचे परीक्षण करायचे आहे. ती करणाऱ्या मुलांचे नव्हे. मुले जे मांडतात ते आपण शिक्षकांनी, पुस्तकांनी, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांनी आणि आमच्यासारख्या परीक्षकांनीच त्यांच्यापर्यंत पोचवलेले असते. तेव्हा दोष काढायचा तर तो आपल्यापासूनच काढायला हवा. म्हणून आमची स्वतःची एक चूक आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी कोकण किनाऱ्यालगतच्या एका गावी भरलेल्या प्रदर्शनात आम्ही ‘वारुळापासून शिकलेली इमारत’ या प्रतिकृतीला पहिला क्रमांक दिला. ती सुबक होती, आणि सांगणारा मुलगा हुशार होता. तिच्या शेजारच्या टेबलावर नगरपरिषदेच्या शाळेतील दोन मुलींनी नुसता एक तक्ता लावला होता. शाळेजवळच्या चौकात उभे राहून त्यांनी एक तासभर मोजणी केली होती : किती वाहने गेली, आणि त्यांतून किती माणसे गेली. दिवे नाहीत, बटण नाही. “यात प्रयोग कुठे आहे?” असे विचारून आम्ही पुढे गेलो. या निर्णयाबद्दल नंतर आम्ही पुष्कळदा विचार केला. तो का चुकला हे सांगण्यासाठी प्रतिकृतीतील एकेक वस्तू हातात घेऊन पाहावी लागेल.

वारुळाची गोष्ट

ही गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकली असेल, वर्गात सांगितलीही असेल. झिंबाब्वेची राजधानी हरारे येथे १९९६ साली ‘ईस्टगेट सेंटर’ ही कचेऱ्या आणि दुकानांची मोठी इमारत बांधून झाली. वास्तुविशारद मिक पिअर्स यांनी ‘अरूप’ या अभियांत्रिकी संस्थेच्या मदतीने तिचा आराखडा केला. तिच्यात नेहमीची वातानुकूलन यंत्रणा नाही. बाहेर कितीही ऊन वा थंडी असो, वाळवी आपल्या वारुळातील तापमान स्थिर ठेवते. तीच युक्ती माणसाने उचलली, अशी ही गोष्ट सांगितली जाते.

गोष्टीतील इमारत खरी आहे आणि ती चालतेही. पण वाळवीबद्दलचा भाग तपासून घ्यायला हवा. घरट्यात तयार होणाऱ्या उष्णतेमुळे हवा वर चढते, वारुळाच्या भिंतींतील पोकळ्यांतून खाली येताना निवते, आणि अशा अभिसरणाने वारूळ थंड राहते, ही कल्पना स्विस शास्त्रज्ञ मार्टिन ल्यूशर यांनी १९६१ साली मांडली होती. कल्पना सुंदर होती. मात्र स्कॉट टर्नर आणि रूपर्ट सोअर यांनी नामिबियातील वारुळांत प्रत्यक्ष मोजमापे केली, तेव्हा चित्र निराळे दिसले. त्यांनी २००८ साली मांडलेल्या निष्कर्षानुसार घरट्याचे तापमान भोवतालच्या जमिनीच्या तापमानाबरोबर ऋतूनुसार बदलत राहते. हिवाळा आणि उन्हाळा यांत पंधरा अंशांहून अधिक फरक पडतो. म्हणजे वारूळ हे वातानुकूलनाचे यंत्र नाही. त्याचे काम फुप्फुसासारखे आहे. आतला कार्बन डायॉक्साइड बाहेर जावा आणि ताजी हवा आत यावी, यासाठी ते उभारलेले असते.

पुढे २०१५ साली बंगळूर येथील आपल्याकडच्या वाळवीच्या वारुळांवर झालेले काम प्रसिद्ध झाले. वारुळाच्या बाहेरच्या पातळ कडा दिवसा लवकर तापतात आणि रात्री लवकर निवतात. मधला जाड भाग मात्र सावकाश तापतो आणि सावकाश निवतो. त्यामुळे आतला हवेचा प्रवाह दिवसा एका दिशेने आणि रात्री उलट दिशेने वाहतो. दिवसभर साठलेला कार्बन डायॉक्साइड रात्री बाहेर टाकला जातो. दिवस-रात्रीच्या तापमानातील फरक हेच या श्वासोच्छ्वासाचे इंजिन!

आता हरारेच्या इमारतीकडे पुन्हा पाहू. तेथेही इंजिन दिवस-रात्रीचा फरक हेच आहे. काम मात्र वेगळे आहे. रात्री थंड हवा पंख्यांच्या साहाय्याने काँक्रीटच्या पोकळ तक्तपोशीतून खेळवली जाते. काँक्रीट निवते. दिवसा तेच काँक्रीट माणसांची, यंत्रांची आणि उन्हाची उष्णता शोषून घेते. खिडक्या मोजक्या आहेत आणि त्या खोल सज्जांच्या सावलीत आहेत. यात गूढ काहीच नाही. आपल्या आठवी-नववीच्या विद्यार्थ्याला विशिष्ट उष्णता ठाऊक असते. एक घनमीटर हवेचे तापमान एक अंशाने वाढवायला सुमारे १.२ किलोजूल उष्णता लागते. एक घनमीटर काँक्रीटला सुमारे २१०० किलोजूल, म्हणजे जवळजवळ पावणेदोन हजार पट. रात्री पुरेसे निवलेले काँक्रीट दिवसाचा पुष्कळसा ताप का पचवू शकते, हे या एका भागाकारातून कळते.

पण “रात्री पुरेसे निवलेले” हे शब्द महत्त्वाचे आहेत. हरारे समुद्रसपाटीपासून सुमारे १५०० मीटर उंचीवर आहे. तेथील रात्री थंड असतात. आपल्याकडे पुण्यात एप्रिल महिन्यात दिवसाचे सरासरी कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास आणि किमान २१ अंशांच्या आसपास असते. म्हणजे सतरा अंशांचा फरक. येथे ही युक्ती चालेल. मुंबईत मे महिन्यात कमाल सुमारे ३३ आणि किमान सुमारे २७. फरक अवघा सहा अंशांचा. शिवाय हवा दमट. तेथे रात्रभर पंखे चालवले तरी काँक्रीट २७ अंशांखाली जाणार नाही आणि घाम वाळणार नाही. किनाऱ्यावर उपयोगी पडते ती आरपार वाहणारी वाऱ्याची झुळूक, उतरते छप्पर, आणि भिंतीला ऊन लागू न देणारी पडवी. कोकणातल्या घरांत ती फार पूर्वीपासून आहे.

आम्ही ज्या प्रतिकृतीला पहिला क्रमांक दिला ती किनाऱ्यावरच्या शाळेची होती, हे आता वाचकांनी आठवावे. “ही इमारत आपल्या गावात चालेल का?” हा साधा प्रश्न आम्ही त्या मुलाला विचारला नाही. विचारला असता तर तो हुशार मुलगा कदाचित स्वतःच तापमापक घेऊन कामाला लागला असता.

निळी काच आणि सौर पट्टी

प्रतिकृतीतील दुसरी ठळक वस्तू म्हणजे काचेचा मनोरा. त्याच्या पायाशी ‘पर्यावरणपूरक इमारत’ अशी चिठ्ठी असते. काच प्रगतीची खूण कशी झाली याचा इतिहास मोठा आहे. येथे एवढेच म्हणू की थंड देशांत, जेथे वर्षातील बरेच महिने उन्हाची ऊब हवीशी असते, तेथे काचेला काही अर्थ आहे. काच सूर्याची लघुलहरी प्रारणे आत सोडते. आतील वस्तू तापून ज्या दीर्घलहरी प्रारणांनी उष्णता बाहेर टाकू पाहतात, त्यांना मात्र ती अडवते. हरितगृहाचे तत्त्व आपण शिकवतो ते हेच. मग त्याच तत्त्वावर उभ्या असलेल्या खोलीत आपल्या उन्हाळ्यात माणसांना बसवायचे, आणि आत कोंडलेली उष्णता बाहेर काढायला यंत्र लावायचे, याला पर्यावरणपूरक कसे म्हणावे?

भिंत म्हणूनही काच दुबळी आहे. आत आणि बाहेर एका अंशाचा फरक असताना एकेरी काचेच्या एका चौरस मीटरमधून सुमारे साडेपाच ते सहा वॅट उष्णता जाते. गिलावा केलेल्या नऊ इंची विटांच्या भिंतीतून सुमारे दोन वॅट. दुहेरी आणि खास लेप दिलेल्या काचा याहून पुष्कळ चांगल्या असतात, हे मान्य केले पाहिजे. पण त्या महाग असतात, आणि त्यांनाही सावली देणे हा सर्वांत स्वस्त उपाय असतो.

सावलीचा हिशेब भूमितीचा आहे. पुण्याच्या अक्षांशावर २२ डिसेंबरला दुपारी सूर्य दक्षिणेला सुमारे ४८ अंश उंचीवर असतो. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटी छज्जा असेल, तर त्याची सावली सव्वादोन फुटांच्या आसपास खाली उतरते. उन्हाळ्यात सूर्य त्याहून कितीतरी वर असल्याने दुपारी सगळी खिडकी सावलीत राहते. आता पश्चिमेची खिडकी घ्या. एप्रिलच्या मध्यावर संध्याकाळी पाच वाजता सूर्य सुमारे २५ अंशांवर असतो, आणि तोच दोन फुटी छज्जा एक फूटभरही सावली देत नाही. पश्चिमेला आडवा छज्जा नव्हे तर उभ्या पट्ट्या, जाळी, व्हरांडा किंवा झाड हवे. प्रदर्शनातील काचेच्या मनोऱ्याच्या चारही बाजू अगदी सारख्या असतात. त्या शहरात सूर्य कोणत्या दिशेला मावळतो, हे प्रतिकृतीवरून सांगता येत नाही.

आणि सौर पट्टी? ती चांगलीच आहे. पण “किती?” हे विचारलेच पाहिजे. एक किलोवॅट क्षमतेला सावली न पडणारी सुमारे दहा चौरस मीटर जागा लागते, आणि आपल्याकडे तिच्यापासून दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. समजा, एक वीस मजली इमारत आहे. मजल्यावर चार घरे, म्हणजे एकूण ऐंशी घरे. पाण्याच्या टाक्या आणि लिफ्टची खोली सोडून गच्चीवर तीनशे चौरस मीटर जागा मोकळी मिळाली, असे धरू. तीस किलोवॅट, म्हणजे दिवसाला एकशे वीस युनिट. दर घराला आठ युनिट लागत असतील तर गरज सहाशे चाळीस युनिटांची. लिफ्ट आणि पाण्याचे पंप वेगळेच. पाचव्या भागाहूनही कमी गरज भागली. हीच पट्टी दुमजली शाळेच्या गच्चीवर घातली तर शाळेची सगळी गरज भागून वीज उरू शकते. म्हणजे वस्तू तीच, पण निष्कर्ष निराळा. इमारत जसजशी उंच होते, तसतशी गच्ची तेवढीच राहते आणि माणसे वाढतात.

याच्या उलट, जी नवनिर्मिती खरोखर उपयोगी ठरली ती बहुधा डोळ्यांत भरत नाही. केरळात दीर्घकाळ काम केलेले वास्तुविशारद लॉरी बेकर (१९१७-२००७) यांनी विटा आडव्या न ठेवता काटावर उभ्या ठेवून, मध्ये पोकळी राखणारी ‘रॅट ट्रॅप’ रचना रुळवली. विटांची सुमारे एक चतुर्थांश बचत होते, आणि पोकळीतील हवेमुळे उष्णता कमी आत येते. विटा कमी म्हणजे भट्टीतील इंधनही कमी. स्लॅबच्या खालच्या भागात जेथे काँक्रीटचे बळ उपयोगाला येत नाही तेथे त्यांनी जुनी कौले घातली. खिडकीऐवजी पुष्कळ ठिकाणी विटांची जाळी केली. पुठ्ठ्याच्या प्रतिकृतीत यांतले काही दिसणार नाही. भिंत कापून दाखवावी लागेल. आम्ही आजवर पाहिलेल्या प्रतिकृतींत कुणीही भिंत कापून दाखवलेली नाही.

लाल पट्टा

आता रस्त्यावर येऊ. प्रतिकृतीतील लाल पट्ट्याचे मूळ गाव ब्राझीलमधील कुरितिबा. जॅमे लर्नर हे वास्तुविशारद १९७१ साली तेथे महापौर झाले, आणि १९७४ साली बससाठी राखीव मार्ग सुरू झाले. भुयारी रेल्वेच्या तुलनेत अगदी थोड्या खर्चात रेल्वेसारखी सेवा देण्याचा हा प्रयत्न जगभर वाखाणला गेला. कोलंबियातील बोगोटा शहराने २००० साली ‘ट्रान्समिलेनिओ’ सुरू केली. आपल्याकडे पुण्यात डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर देशातील असा पहिला प्रयोग झाला. दिल्लीत २००८ साली आंबेडकर नगर ते मूलचंद हा ५.८ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला, आणि २००९ साली अहमदाबादेत ‘जनमार्ग’.

या प्रयोगांचे भाग्य सारखे नव्हते. दिल्लीचा पट्टा २०१६ साली उखडून टाकण्यात आला. पुण्यात तो वर्षानुवर्षे वादाचा विषय राहिला. त्यावरून “ही कल्पना आपल्याकडे चालतच नाही” असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. आमचे मत असे की बऱ्याच ठिकाणी कल्पना आणलीच गेली नाही. आणला गेला तो पट्टा. हे जरा आकड्यांनी पाहू.

सिग्नल असलेल्या शहरी रस्त्याच्या एका पट्ट्यातून तासाला ढोबळ मानाने आठशे मोटारी जातात असे धरू. मोटारीत सरासरी दीड माणूस धरले तर बाराशे माणसे. त्याच पट्ट्यातून मिनिटाला एक बस, आणि बसमध्ये साठ माणसे असतील, तर तासाला छत्तीसशे माणसे. तिप्पट! प्रतिकृती येथे थांबते. पण थांब्यावर काय होते ते पाहा. चाळीस प्रवासी एकाच अरुंद दाराने, पायऱ्या चढून वा उतरून, प्रत्येकी तीन सेकंद घेत गेले, तर बस दोन मिनिटे उभी राहणार. मिनिटाला एक बस येणार आणि प्रत्येक बस दोन मिनिटे थांबणार, म्हणजे रांग लागणारच. मग मोकळ्या पट्ट्यावर बसगाड्या एकामागे एक उभ्या दिसतात, आणि शेजारी अडकलेला मोटारवाला म्हणतो, “हा पट्टा वाया गेला.”

कुरितिबाने हे ओळखले होते. तेथे १९९१ पासून काचेच्या नळीसारखी बसस्थानके आली. प्रवासी नळीत शिरतानाच भाडे देतो. नळीची फरशी आणि बसची फरशी एकाच पातळीवर असते. पुढे आलेल्या दोन सांध्यांच्या लांब बसमध्ये सुमारे २७० प्रवासी मावतात, आणि तिची पाचही दारे एकदम उघडतात. चढ-उतार काही सेकंदांत आटोपते. म्हणजे पट्टा, स्थानक, तिकीट, दार आणि फरशीची उंची ही पाच निराळी नवलाईची कामे नाहीत; ते एकच यंत्र आहे. त्यातला एक भाग काढला की उरलेले चार निरुपयोगी होतात. सायकलची साखळी काढून ठेवली आणि मग “चाके फिरवूनही सायकल पुढे जात नाही” अशी तक्रार केली, तर ती कोण ऐकेल?

पुण्याच्या सुरुवातीच्या मार्गात पट्टा सलग नव्हता. चौकांपाशी आणि अरुंद जागी तो तुटत होता. जेथे स्थानक रस्त्याच्या मधोमध तेथे प्रवाशाला वाहनांच्या लोंढ्यातून वाट काढावी लागे. बससाठी पट्टा केला, पण बसपर्यंत चालत येणाऱ्या माणसासाठी वाट केली नाही. अहमदाबादेने बंद स्थानके, आधी तिकीट आणि समपातळीतील फरशी या गोष्टी सुरुवातीपासून घेतल्या, त्यामुळे तेथे गाडी बरीच सुरळीत धावली; तरी पादचारी आणि सायकलस्वार यांची सोय तिथेही मागेच राहिली, अशी टीका झाली आणि ती रास्त होती. मेट्रोलाही हेच लागू आहे. मुंबईत २०१४ साली आणि पुण्यात २०२२ साली मेट्रो सुरू झाली. गाडी वेगाने धावते यात शंका नाही. पण स्थानकापासून घरापर्यंतचा शेवटचा किलोमीटर कसा जायचा, यावर प्रवासी गाडी धरणार की स्कूटर काढणार हे ठरते.

दिल्लीच्या पट्ट्याविरुद्धचा वाद न्यायालयातही गेला होता, आणि २०१२ साली उच्च न्यायालयाने पट्ट्याविरुद्धची याचिका फेटाळली होती. त्या सगळ्या वादाच्या मुळाशी मापनाचा एक प्रश्न होता, आणि तो विज्ञानाच्या शिक्षकाने नीट समजून घेण्यासारखा आहे : रस्त्याची कार्यक्षमता मोजताना वाहने मोजायची की माणसे? वाहने मोजली तर पट्टा नापास होतो. माणसे मोजली तर पास होऊ शकतो. एकक बदलले की उत्तर बदलते. आमच्या शेजारच्या टेबलावरील त्या दोन मुलींनी त्यांच्या तक्त्यावर दोन्ही रकाने आखले होते. मोठ्यांच्या वादात जे सुचायला वेळ लागतो ते त्यांना चौकात उभे राहून सुचले होते, आणि आम्ही विचारत होतो, यात प्रयोग कुठे आहे!

इमारत आणि रस्ता

प्रतिकृतीतील सर्वांत मोठी उणीव मात्र अजून सांगायची आहे. तिच्यात इमारती वेगळ्या असतात आणि रस्ते वेगळे. दोहोंचा संबंध एवढाच की रस्ता इमारतीच्या दारात संपतो. प्रत्यक्षात शहराच्या ऊर्जेचा हिशेब या दोहोंना जोडल्याशिवाय पुरा होत नाही.

एक उदाहरण घेऊ. शहराबाहेर पंधरा किलोमीटरवर एक उत्तम, खरोखर काटकसरी इमारत बांधली. तेथे बस जात नाही. कर्मचारी एकटा मोटारीने येतो. जाऊन-येऊन तीस किलोमीटर. लिटरला पंधरा किलोमीटर धरले तर रोज दोन लिटर पेट्रोल. एका लिटर पेट्रोलमधील ऊर्जा सुमारे साडेनऊ युनिट, म्हणजे दोन लिटरची एकोणीस युनिट. दीड टनी वातानुकूलन यंत्र आठ तास चालले तर ढोबळ मानाने बारा युनिट घेते, आणि एवढ्या यंत्राखाली बहुधा चार-पाच माणसे बसतात. म्हणजे त्या इमारतीने वातानुकूलन साफ बंद केले तरी माणशी बचत दोन-तीन युनिटांची. आणि ती इमारत जेथे बांधली त्या जागेमुळे माणशी खर्च एकोणीस युनिटांचा. अशा इमारतीच्या दारावर हिरवे प्रमाणपत्र लागलेले असले तरी तळघरातील तीन मजली वाहनतळ तिचा खरा जमाखर्च सांगत असतो.

कुरितिबाचे मोठेपण आमच्या मते नळीच्या स्थानकांत नाही, येथे आहे. त्यांनी बसचे मुख्य मार्ग आणि इमारतींची उंची यांचा निर्णय एकत्र घेतला. जेथून जलद बस जाते त्या पट्ट्यालगत उंच आणि दाट बांधकामाला परवानगी. जसजसे दूर जावे तसतशी उंची कमी. म्हणून बसला प्रवासी मिळाले आणि प्रवाशांना बस मिळाली. चटई क्षेत्र निर्देशांक हा शब्द आपण फक्त बांधकामाच्या बातम्यांत वाचतो. तो वाहतुकीचाही शब्द आहे. अर्थात कुरितिबाही स्वर्ग नाही. ब्राझीलमधील मोठ्या शहरांत मोटारींच्या प्रमाणात ते वरच्या क्रमांकांत मोडते. चांगली बस असली की माणसे मोटार घेत नाहीत, एवढे सोपे ते नाही. हेही मुलांना सांगायला हवे. यशाची गोष्ट अर्धी सांगितली की तिची दंतकथा होते, आणि वारुळाच्या गोष्टीचे तेच झाले.

मग गुण कशाला द्यावेत?

आमचे म्हणणे थोडक्यात असे. कोणतीही वस्तू स्वतःच्या अंगी शाश्वत नसते. काच, काँक्रीट, सौर पट्टी, बसचा पट्टा यांपैकी कशालाही पाहून गुण देता येत नाहीत. ती कुठे आहे, किती पुरते, आणि तिच्या जोडीला काय आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली तरच तिची परीक्षा होते. परीक्षकांच्या गुणपत्रिकेत सादरीकरणाला, सुबकतेला आणि ‘नावीन्या’ला रकाने असतात. “स्वतः मोजले का?” असा रकाना आम्ही क्वचितच पाहिला आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. मुलांनी स्वप्न पाहू नये का? रुक्ष मोजमापांत त्यांची कल्पनाशक्ती मरणार नाही का? आमचा अनुभव वेगळा आहे. ज्या मुलाने वर्गाच्या पश्चिमेच्या खिडकीतून संध्याकाळी ऊन कुठवर येते याची रोज खडूने खूण केली, त्याला खिडकीबाहेर काय लावावे याच्या चार कल्पना सुचतात. ज्याने नुसता निळा कागद चिकटवला, त्याला पाचवा मनोरा सुचतो.

यासाठी खर्च फारसा नाही. कमाल-किमान तापमापक वर्गात आठवडाभर ठेवा, आणि आपल्या गावाचा दिवस-रात्रीचा फरक काढा. हरारेची इमारत आपल्याकडे चालेल की नाही हे मुलेच सांगतील. पत्र्याचे दोन सारखे डबे घ्या, एकाला बाहेरून चुना लावा, एकाला काजळी, आणि भर उन्हात ठेवून दर दहा मिनिटांनी आतले तापमान टिपा. गच्चीला पांढरा रंग का द्यावा, याचे उत्तर मिळेल. बसथांब्यावर उभे राहून एका बसला चढ-उताराला किती सेकंद लागतात ते मोजा. शाळेत कोण कशाने येते याचा तक्ता करा. त्यात ‘चालत’ हा रकाना विसरू नका, कारण नगररचनेच्या आराखड्यांत तोच बहुतेक वेळा विसरला जातो.

आणि असा तक्ता घेऊन कुणी प्रदर्शनाच्या टेबलाशी उभे राहिले, तर परीक्षकांनी जरा थांबावे. आम्ही थांबलो नव्हतो. आज पुन्हा त्या दालनात जाता आले, तर वारुळाची इमारत करणाऱ्या मुलाला आम्ही त्याच्या गावचे तापमान विचारू. आणि पहिला क्रमांक शेजारच्या टेबलाला देऊ.